सेफवरचा व्हीएम अडखळतोय? आधी एका राइटला किती वेळ लागतो ते मोजा

तुमचा सेटअप मला समजला तो असा: सांगली मार्केट यार्डातली हळदीची अडत पेढी, तीन नोडवर (सर्व्हरवर) प्रॉक्समॉक्स, म्हणजे व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणारी प्रणाली, आणि सेफ (Ceph), म्हणजे सगळ्या नोडच्या डिस्क एकत्र करून डेटाच्या तीन प्रती वेगवेगळ्या नोडवर ठेवणारी साठवण, प्रत्येक नोडमध्ये चार हार्डडिस्क, त्या चारही डिस्कच्या डीबी-वॉलसाठी (सेफची नोंदवही आणि राइट आधी टिपून घेणारा लॉग) मिळून एक साधी एसएसडी, आणि सगळं एकाच एक गिगाबिटच्या स्विचवर. फाइल कॉपी केली तर सत्तर-ऐंशी एमबीचा वेग दिसतो, पण सौदे आटोपून पट्ट्या करायला घेतल्या की एसक्यूएलचा व्हीएम गोठतो. सीपीयू मोकळा, रॅम मोकळी, सेफचं स्टेटस 'हेल्थ ओके'.

हेल्थ ओकेवर जाऊ नका. तिन्ही प्रती जागेवर आहेत एवढंच त्यावरून कळतं. स्लो ऑप्सचा इशारासुद्धा एखादं काम ३० सेकंद रखडल्यावर येतो, आणि तोवर तुमचा मुनीम दोनदा उठून चहा घेऊन आलेला असतो.

फाइल कॉपीचा आकडाही बाजूला ठेवा. कॉपीत ढीगभर राइट एकदम सोडले जातात. डेटाबेस तसं करत नाही. पट्टी सेव्ह केली की लॉग डिस्कवर पक्का उतरल्याचं कळेपर्यंत तो थांबतो. एका राइटला २० मिलिसेकंद लागले तर एकापाठोपाठ एक असे सेकंदाला ५० च होणार. त्यात साइझ ३ चा पूल म्हणजे तिन्ही प्रती लिहून झाल्याशिवाय व्हीएमला होकार मिळत नाही. पंगतीत सगळ्यांत सावकाश जेवणारा उठेपर्यंत बाकीच्यांनी हात वाळवत बसायचं, तसला प्रकार.

माझा पहिला संशय त्या एसएसडीवर आहे. ब्लूस्टोअर (सेफचा डिस्कवर लिहिणारा भाग) हार्डडिस्कवरचे छोटे राइट आधी वॉलमध्ये घेतो आणि डिस्कवर नंतर सावकाश उतरवतो. म्हणजे तुमच्या प्रत्येक पट्टीची वाट त्या एसएसडीवरून जाते, आणि चार ओएसडी (प्रत्येक डिस्क सांभाळणारा सेफचा एकेक प्रोसेस) एकदम तिच्यावर बसलेत. दुकानातल्या साध्या एसएसडीत वीज गेल्यावर कॅश वाचवणारे कपॅसिटर नसतात. त्यामुळे सिंक राइट (डेटा पक्का उतरल्यावरच उत्तर मागणारा) आला की तिला डेटा खरोखर चिपवर लिहूनच उत्तर द्यावं लागतं. पॅकेटवर छापलेला लाखभर आयओपीएसचा (सेकंदाला किती रीड-राइट) आकडा इथे काही कामाचा नाही.

खात्री करायची तर त्याच मॉडेलच्या मोकळ्या एसएसडीवर एफआयओ (डिस्कचा वेग मोजायचं टूल) चालवा: ब्लॉक ४ के, क्यू डेप्थ १ (एका वेळी एकच राइट), जॉब १, डायरेक्ट आणि सिंक दोन्ही चालू. साधी एसएसडी सेकंदाला काहीशे ते एखाद-दोन हजारांवर येऊन बसते. कपॅसिटरवाली एंटरप्राइझ एसएसडी दहा हजारांच्या पुढे सहज जाते. वापरात असलेल्या एसएसडीवर ही राइट टेस्ट चुकूनही चालवू नका, त्या नोडचे चारही ओएसडी जातील. ती एसएसडी आपोआप मेली तरी तेच होणार, हेही लक्षात असू द्या.

मग ऐन गर्दीच्या वेळी 'सेफ ओएसडी पर्फ' ही कमांड बघा, प्रत्येक ओएसडीला किती वेळ लागतो ते ती दाखवते. सगळ्यांचेच आकडे वर असतील तर दोष एसएसडीचा किंवा नेटवर्कचा. एकच ओएसडी वेगळा उठून दिसला तर त्या डिस्कचं स्मार्ट (तिच्या तब्येतीचा अहवाल) आणि कर्नलचा लॉग तपासा. मरायला टेकलेली एक डिस्क अख्ख्या क्लस्टरला मागे खेचते. पण ती आउट करायची (सेफमधून बाजूला काढायची) घाई नको, डिस्क किती भरल्यात ते आधी 'सेफ ओएसडी डीएफ'मध्ये बघा. तीन नोड आणि तीन प्रती असल्यामुळे तिचा डेटा त्याच नोडच्या उरलेल्या तीन डिस्कवर जाणार. डिस्क ७५ टक्के भरलेल्या असतील तर चारांचं ओझं तिघांत मावणार नाही; ९५ टक्क्यांना सेफ राइटच बंद करतो, आणि मग पेढीच बंद.

नेटवर्क १० गिगाबिटचं हवंच. स्विचचा खर्च नको असेल तर प्रत्येक नोडमध्ये दोन पोर्टचं कार्ड घाला आणि तिन्ही नोड एकमेकांना थेट केबलने जोडा; तीन नोडना ते छान चालतं. जुना स्विच कोरोसिंकला (प्रॉक्समॉक्सच्या नोडांचा आपसातला संपर्क) आणि ऑफिसच्या ट्रॅफिकला ठेवा. एमटीयू (नेटवर्कवरच्या एका पाकिटाचा कमाल आकार) ९००० केला असेल तर ८९७२ बाइटचा पिंग, फ्रॅगमेंट करायला मनाई करून, सगळ्या नोडमधून सगळ्यांकडे जातोय ना ते बघा. एका पोर्टवर तो १५०० च राहिला की छोटी पाकिटं जातात, मोठी अडकतात, आणि माणूस दोन दिवस डिस्कला शिव्या घालत बसतो.

व्हीएमच्या बाजूला फार काही नाही. विंडोजची डिस्क आयडीईवर असेल तर व्हर्टआयओ (व्हीएमसाठीच बनवलेला वेगवान) ड्रायव्हर घालून व्हर्टआयओ स्कझी सिंगलवर आणा, आयओ थ्रेड आणि डिस्कार्ड चालू करा. कॅश राइटबॅक चालेल, कारण गेस्टचा (व्हीएममधल्या विंडोजचा) फ्लश, म्हणजे 'आता डिस्कवर पक्कं लिही' हा हुकूम, तो पाळतो. 'अनसेफ' मात्र नको, आणि वेगासाठी साइझ २, मिन साइझ १ करा (दोनच प्रती, आणि एकच उरली तरी राइट चालू) असं कुणी सुचवलं तर त्याला पेढीच्या पायरीवरूनच परत पाठवा. स्क्रब (प्रती एकमेकींशी जुळतात का याची तपासणी) रात्री ठेवा, वेळ ठरवायची सोय आहे. सेफची क्विन्सी (२०२२) किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर एमक्लॉकचं (कुठल्या कामाला आधी वाट द्यायची ते ठरवणारा भाग) प्रोफाइल दिवसा 'हाय क्लायंट ऑप्स' ठेवा, म्हणजे रिकव्हरी पट्ट्यांच्या आड येणार नाही.

खरं सांगायचं तर चार-पाच व्हीएमसाठी मी सेफ घातलंच नसतं. दोन नोडवर एंटरप्राइझ एसएसडी, झेडएफएस (नोडच्या स्वतःच्या डिस्कवरची फाइल सिस्टीम) आणि प्रॉक्समॉक्सचं रेप्लिकेशन (ठरावीक वेळाने दुसऱ्या नोडवर प्रत पाठवणं) एवढ्यात भागलं असतं. नोड पडला तर शेवटच्या सिंकनंतरचं काम जातं, डिफॉल्टला पंधरा मिनिटांचं. ते तुमच्या मालकांना चालणार का, हे त्यांनाच विचारा.

आणि एका खोलीतल्या तीन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे. ऑगस्ट २०१९ ला कृष्णेचं पाणी कुठवर आलं ते सांगलीकराला सांगायला नको. बॅकअप सर्व्हर विट्याला किंवा तासगावला कुणाकडे तरी ठेवा.

एसएसडीचं नेमकं मॉडेल, एफआयओचा आकडा आणि गर्दीच्या वेळचा ओएसडी पर्फचा आउटपुट इथे टाका. तोवर नवं काही विकत घेऊ नका.