वाचकांचे प्रश्न : समतोल आला म्हणजे अभिक्रिया थांबली का?

प्रश्न : अकरावीच्या पुस्तकात लिहिले आहे की रासायनिक समतोल गतिमान असतो, पुढची आणि उलटी अशा दोन्ही अभिक्रिया चालूच असतात. पण रंग बदलत नाही, दाब बदलत नाही, काहीच बदलत नाही. मग त्या चालू आहेत हे मानायचे कशावरून?
– एक विद्यार्थिनी, डिचोली

उत्तर : बाय, तुझे पत्र मी मुद्दाम सर्वांत वर घेतले आहे. फोंड्यात इतकी वर्षे रसायनशास्त्र शिकवताना ‘समतोल गतिमान असतो’ हे वाक्य मी फळ्यावर असंख्य वेळा लिहिले, पण ‘कशावरून?’ असे विचारणारी मुले फार थोडी भेटली. पुरावा आहे, आणि तो सुंदर आहे.

नायट्रोजन आणि हायड्रोजन योग्य तापमानाला, उत्प्रेरकासह (म्हणजे स्वतः न संपता अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थासह) बंद भांड्यात ठेवले की काही वेळाने नायट्रोजन, हायड्रोजन आणि तयार झालेला अमोनिया या तिघांचे प्रमाण स्थिरावते. आता तसेच दुसरे भांडे घे. तापमान तेच, दाब तोच, फक्त हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचाच दुप्पट वजनाचा समस्थानिक. तिथेही जवळपास तसाच समतोल येतो. मग दोन्ही भांड्यांतले वायू एकत्र करायचे आणि थोडा वेळ तसेच ठेवायचे. अमोनियाचे एकूण प्रमाण होते तेवढेच राहते. अभिक्रिया खरोखर थांबलेली असती, तर या मिश्रणात साधा अमोनिया आणि पूर्ण ड्युटेरियमचा अमोनिया असे दोनच प्रकार सापडले असते. पण मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे रेणूंचे वजन मोजणाऱ्या यंत्रात, एक ड्युटेरियम अणू असलेले रेणू दिसतात, दोन असलेलेही दिसतात. हे मिश्र रेणू आले कुठून? जुने रेणू तुटून नवे जुळत होते म्हणूनच ना!

आणखी एक गोष्ट नीट लक्षात घे. समतोलाला दोन्ही अभिक्रियांचा वेग सारखा असतो, पदार्थांचे प्रमाण नव्हे. रायबंदर–दिवाडी फेरीबोट आठव. दर फेरीला जेवढी माणसे दिवाडीला उतरली तेवढीच तिथून इकडे आली, तर दोन्ही काठांवरची संख्या दिवसभर बदलणार नाही. पण म्हणून दिवाडीत आणि रायबंदरात माणसे सारखी झाली, असे कोणी म्हणेल का? पेपर तपासताना मला सर्वांत जास्त याच ठिकाणी गुण कापावे लागत, आणि दर वेळी वाईट वाटे.

प्रश्न : आमचे लोटलीचे जुने घर दुरुस्तीला काढले आहे. मेस्त म्हणतो, शिंपल्यांचा चुना भिंतीत जाऊन पुन्हा शिंपलीसारखाच होतो. तसे असेल तर ही अभिक्रिया उलटसुलट होणारी झाली. मग भिंतीचा परत चुना का होत नाही? शिवाय गिलाव्यावर इतक्यात प्लास्टिक पेंट नको, असेही तो सांगतो. त्याचा याच्याशी संबंध आहे का?
– एक वाचक, लोटली

उत्तर : तुमच्या मेस्ताला माझा नमस्कार सांगा. त्याचे दोन्ही मुद्दे बरोबर आहेत.

तिसऱ्या असोत, खुबे असोत, शिंपली म्हणजे जवळजवळ सगळे कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत ते तापले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, मागे उरते. शुद्ध कार्बोनेट १०० किलो घेतले तर ५६ किलो चुनकळी मिळते. बाकीचे ४४ किलो वायू होऊन जातात. चुनकळीवर पाणी घातले की ती फसफसते, कढत होते, फुटते आणि तिचा विरवलेला चुना होतो. तो वाळूबरोबर भिंतीला लागतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट बनतो. भट्टीत गमावलेला वायू भिंत हवेतून परत मिळवते.

आता तुमचा खरा प्रश्न. कार्बोनेट बंद भांड्यात तापवले तर प्रत्येक तापमानाला कार्बन डायऑक्साइडचा एक ठराविक दाब येऊन समतोल होतो. कार्बोनेट मूठभर घ्या नाहीतर टोपलीभर, दोन्ही घन पदार्थ शिल्लक आहेत तोवर हा दाब बदलत नाही; तो फक्त तापमानावर ठरतो. ८०० अंश सेल्सियसला हा दाब वातावरणाच्या दाबाच्या पाव हिश्शाच्या आसपास असतो. ९०० अंशांच्या जवळ तो वातावरणाच्या दाबाएवढा होतो, म्हणून भट्टी तितकी तापावी लागते. शिवाय भट्टीत हवा खेळती लागते. निघालेला वायू वाऱ्याबरोबर गेला की उलट्या अभिक्रियेला कच्चा मालच उरत नाही, समतोल कधी गाठलाच जात नाही आणि शिंपल्या आतपर्यंत भाजून निघतात. वायू कोंडला तर भाजणी अर्धवट राहते.

भिंतीचे तापमान मे महिन्यातसुद्धा या मानाने काहीच नाही. त्या तापमानाला कार्बोनेटातून सुटणाऱ्या वायूचा समतोल दाब इतका नगण्य असतो की हवेतला ०.०४ टक्के कार्बन डायऑक्साइडही त्याच्यापुढे प्रचंड ठरतो. म्हणून पारडे पूर्णपणे कार्बोनेटाच्या बाजूला. अभिक्रिया उलट होऊ शकते याचा अर्थ ती कुठल्याही परिस्थितीत उलटेल असा नाही.

पेंटचा मुद्दा दिशेचा नाही, वेगाचा आहे. कार्बन डायऑक्साइड बाहेरून आत झिरपतो आणि गिलाव्यातल्या ओलाव्यात विरघळूनच चुन्याशी अभिक्रिया करतो. गिलावा ठणठणीत कोरडा पडला तर काम थांबते. पाण्याने गच्च भरला तर वायूला शिरायला वाट राहत नाही. नुसती ओल हवी. जाड थराला आतपर्यंत पिकायला कित्येक महिने लागतात, आणि त्यावर प्लास्टिक पेंटचा पापुद्रा चढवला की हवेची वाटच बंद. खात्री करायची असेल तर शाळेच्या प्रयोगशाळेतून थोडे फिनॉल्फ्थॅलीन (चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थात गुलाबी होणारे द्रावण) मागून आणा. गिलाव्याचा छोटा तुकडा काढून त्याच्या ताज्या मोडीवर थेंब सोडा. बाहेरची कड रंगहीन राहील, आतला भाग गर्द गुलाबी होईल. गुलाबी आहे तिथे अजून विरवलेला चुनाच आहे. ही गुलाबी पट्टी काही महिन्यांनी अरुंद झालेली दिसेल. पेंटऐवजी चुन्याची सफेदीच द्या, असे मी आग्रहाने सांगेन. ती भिंतीला श्वास घेऊ देते.

असल्या दिशाबदलाकडे रसायनशास्त्राचे लक्ष गेले तेही एका किनाऱ्यावरच. १७९८ साली नेपोलियनबरोबर इजिप्तला गेलेल्या बर्थोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तिथल्या खाऱ्या तळ्यांच्या काठावर सोडियम कार्बोनेटाचे थर पाहिले. प्रयोगशाळेत सोडियम कार्बोनेट आणि कॅल्शियम क्लोराइड मिळून मीठ आणि खडू होतो. इथे मात्र मीठ आणि चुनखडी मिळून उलटे घडत होते. मीठ अफाट आहे म्हणून अभिक्रिया उलटली, हे त्याने ओळखले. पदार्थ कोणते यावरच नव्हे, तर ते किती आहेत यावरही दिशा ठरते, हा विचार तिथून रुजला.

प्रश्न : मोरचूद परीक्षानळीत तापवला, पांढरा झाला. पाणी घातले, परत निळा. हा समतोल का?
– एक विद्यार्थी, काणकोण

उत्तर : नाही. अभिक्रिया उलट होते हे खरे, पण नळीचे तोंड उघडे होते आणि वाफ निघून गेली. समतोलासाठी वाफ आतच राहायला हवी.

प्रश्न : झुआरीनगरच्या खत कारखान्यामुळे अमोनिया हा शब्द आम्हांला लहानपणापासून माहीत. अमोनिया बनताना उष्णता बाहेर पडते, मग थंडीत तो जास्त बनायला हवा. तरी एवढे तापवतात का? उत्प्रेरकाने उत्पादन वाढत नाही का?
– एक वाचक, वास्को

उत्तर : तुमचा तर्क अगदी योग्य आहे. समतोलावर ताण आणला की तो ताण कमी होईल अशा दिशेला समतोल सरकतो, हे ल शातेलिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८४ साली मांडले. त्यानुसार कमी तापमान अमोनियाला अनुकूल. पण नायट्रोजनच्या रेणूतला तिहेरी बंध इतका पक्का की थंडीत समतोल यायला कोण जाणे किती काळ लागेल. लोहाचा उत्प्रेरक दोन्ही दिशांचा वेग सारखाच वाढवतो. त्यामुळे समतोल लवकर येतो, पण त्याची जागा तीच राहते. आणि या उत्प्रेरकालाही काम करायला ४०० ते ५०० अंश लागतात. तापमानामुळे झालेले नुकसान दाबाने भरून काढतात, कारण वायूचे चार रेणू जाऊन दोनच होतात. तरीही एका फेरीत साधारण १५ टक्केच वायू अमोनिया होतो. तो थंड करून द्रवरूपात बाहेर काढतात आणि उरलेले वायू पुन्हा आत सोडतात. हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली प्रयोगशाळेत हे साधले. बॉश या जर्मन अभियंत्याने १९१३ साली जर्मनीत ओपाऊ इथे त्याचा कारखाना उभा केला.

प्रश्न : शेजारच्या मुलाला बंद न्हाणीघरात गॅस गिझरमुळे भोवळ आली. इस्पितळात त्याला नुसता ऑक्सिजन लावून ठेवला. एवढ्याने विषारी वायू निघतो?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : मुलगा वाचला हे वाचून फार बरे वाटले. होय, निघतो, कारण हा विषारी वायू, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आणि रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारे हिमोग्लोबिन यांचा बंध उलटू शकणारा आहे. रक्तात ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांची हिमोग्लोबिनसाठी चढाओढ चालते. कार्बन मोनॉक्साइडची पकड ऑक्सिजनच्या २०० हून अधिक पट घट्ट असते. हवेत ऑक्सिजन २१ टक्के. त्यात नुसता ०.१ टक्का कार्बन मोनॉक्साइड मिसळला आणि माणूस तिथेच राहिला, तर समतोल येईपर्यंत सुमारे अर्धे हिमोग्लोबिन त्याने बळकावलेले असते. शुद्ध ऑक्सिजन दिला की ऑक्सिजनचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते आणि समतोल उलट दिशेला सरकतो. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास.

गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर बसवा, आणि आत असलाच तर खिडकी पावसाळ्यातही उघडी ठेवा. कोणाला भोवळ आली तर आधी मोकळ्या हवेत आणा आणि लगेच इस्पितळात न्या. घरी बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर मुळीच विसंबू नका. त्याला ऑक्सिजन धरलेले हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही, त्यामुळे माणूस गुदमरत असतानाही तो ९८ दाखवू शकतो. खरा आकडा रक्ताच्या तपासणीतच मिळतो.