नास ऐकायचा तर कुठून? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

न्यूयॉर्कचा रॅपर नास याच्यावर मागच्या वेळी लिहिलं, तेव्हापासून सोलापुरातून बरेच प्रश्न आले. बहुतेकांचा रोख एकच: याचा कोणता अल्बम चांगला आणि कोणता नाही? त्यातल्या काही प्रश्नांना इथे उत्तरं देतो.

प्रश्न : मी जुळे सोलापूरचा, पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये ऐकायला भरपूर वेळ मिळतो. नासचे पंधराहून जास्त अल्बम दिसतात. सुरुवात कुठून करू?

तीन अल्बम घे आणि याच क्रमाने ऐक: ‘इल्मॅटिक’ (1994), ‘लाइफ इज गुड’ (2012) आणि ‘किंग्ज डिसीज थ्री’ (2022). पहिला आला तेव्हा नास वीस वर्षांचा होता, दुसऱ्याच्या वेळी अडतीस आणि तिसऱ्याच्या वेळी एकोणपन्नास. ‘इल्मॅटिक’ जेमतेम चाळीस मिनिटांचा आहे, कुर्डुवाडी यायच्या आत संपतो. पुणं येईपर्यंत तिन्ही आरामात होतील. फक्त गाणी उलटसुलट लावू नकोस. वीस वर्षांचा पोरगा खिडकीतून गल्ली बघतोय, अडतिशीचा बाप घटस्फोटानंतर घर आवरतोय आणि पन्नाशीला टेकलेला माणूस निवांत बसून बोलतोय, हे सलग ऐकलं तरच कळतं. बाकीचे अल्बम या तिघांच्या मधल्या जागा भरतात.

प्रश्न : ‘इल्मॅटिक’चं एवढं कौतुक का? मला तर आवाज जुनाट वाटला. दोनदा ऐकला, काही विशेष लागलं नाही. (वाचक, सात रस्ता)

आवाज जुना आहेच, तीस वर्षं होऊन गेली. पण तुम्ही बहुधा तो गाड्यांच्या गर्दीत, फोनच्या स्पीकरवर ऐकला असावा. रात्री हेडफोन लावून सातवं गाणं ऐका, ‘वन लव्ह’. तुरुंगात असलेल्या मित्रांना लिहिलेली पत्रं आहेत ती. पहिल्याच पत्रात तो मित्राला कळवतो की तुला मुलगा झालाय, तोंडवळा तुझाच आहे. मग बाहेरची खबरबात: कोण फुटला, कोण कुणाशी बोलत नाही. शेवटच्या कडव्यात तो बारा वर्षांच्या एका पोराशी बोलत बसतो. पोरगा धंद्यात उतरलाय आणि मोठ्या माणसाच्या थाटात बोलतोय. नास त्याला उपदेशाचे डोस पाजत नाही. चार कामाच्या गोष्टी सांगतो आणि उठतो. वीस वर्षांच्या मुलाला एवढा संयम कुठून आला, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

दुसरी गोष्ट संगीताची. तेव्हा एका रॅपरच्या अल्बमचं संगीत सहसा एकच माणूस किंवा एकच चमू करायचा. इथे डीजे प्रीमियर, पीट रॉक, क्यू-टिप, लार्ज प्रोफेसर आणि एल.ई.एस. असे पाच जण होते. तरीही सगळा अल्बम एकाच वस्तीतून आल्यासारखा वाटतो. ती वस्ती म्हणजे क्वीन्सब्रिज, सरकारी घरकुलांची मोठी वसाहत, जिथे नास वाढला. ‘एन.वाय. स्टेट ऑफ माइंड’च्या सुरुवातीला तो स्वतःशीच पुटपुटतो की कशी सुरुवात करावी कळत नाहीये, आणि पुढच्याच क्षणी असा सुटतो की श्वास घ्यायलाही थांबत नाही. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी ट्रम्पेटसारखं कॉर्नेट वाजतं, ते त्याच्या वडिलांचं, जॅझ वादक ओलू दारा यांचं. मुलाच्या पहिल्या अल्बममध्ये बाप शेवटचं अर्धं मिनिट वाजवतो आणि शब्द एकही बोलत नाही. एवढं ऐकूनही लागला नाही तर सोडून द्या, जबरदस्ती नाही.

प्रश्न : माझा मुलगा दिवसभर हेच ऐकतो. शिव्या ऐकून जीव वैतागतो. याच्याकडे माझ्यासारखीने ऐकावं असं काही आहे का? (गृहिणी, साखर पेठ)

आहे, ताई. शिव्या आहेत हे मी नाकारत नाही, आणि प्रत्येक शिवी गाण्याची गरज असते असंही म्हणणार नाही. ‘गॉड्स सन’ (2002) या अल्बममधलं ‘आय कॅन’ मुलाला लावायला सांगा. बेथोव्हनच्या ‘फ्यूर एलिझ’ या पियानोच्या प्रसिद्ध सुरावटीवर बांधलेलं आहे आणि ते थेट शाळकरी मुलांसाठी आहे. त्याच अल्बममध्ये ‘डान्स’ आहे. 2002 मध्ये नासची आई गेली. तिच्यासोबत आणखी एकदा नाचायला मिळावं, एवढीच त्या गाण्यातली मागणी आहे. नंतर ‘लाइफ इज गुड’मधलं ‘डॉटर्स’ ऐका. वयात आलेल्या लेकीची काळजी करताना बापाला आपली जुनी वागणूक आठवते. पन्नाशीच्या कुठल्याही आईबापाला ते समजेल. मुलाशेजारी बसून ऐका, अर्थ त्यालाच विचारा. तो मन लावून सांगेल.

प्रश्न : नासचा ‘स्टिलमॅटिक’ की त्याचा प्रतिस्पर्धी रॅपर जे-झी याचा ‘द ब्लूप्रिंट’? एकदाचं सांगून टाका.

भांडण नासने जिंकलं, अल्बम जे-झीने. 2001 च्या सप्टेंबरात ‘द ब्लूप्रिंट’ आला, त्यातल्या ‘टेकओव्हर’मध्ये जे-झीने नासची उतरती कळा सगळ्यांसमोर मोजून दाखवली. डिसेंबरात नासने ‘स्टिलमॅटिक’मधल्या ‘ईथर’ने उत्तर दिलं आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. पण ‘स्टिलमॅटिक’मध्ये दोन-चार गाणी सरळ काढून टाकावीत अशी आहेत, ‘द ब्लूप्रिंट’मध्ये तशी शोधावी लागतात. पुढे 2005 मध्ये दोघांनी जाहीरपणे हात मिळवले आणि वर्षभराने ‘ब्लॅक रिपब्लिकन’ हे गाणंही एकत्र केलं. त्यामुळे आपण इथे नव्या पेठेत उभं राहून वाद घालायचं काही कारण उरलेलं नाही.

प्रश्न : सर्वांत वाईट अल्बम कोणता?

‘नास्त्रेदामस’, 1999. मात्र त्यामागची हकीकत माहीत असावी. ‘आय ॲम’ हा दोन भागांचा मोठा अल्बम होणार होता. तेव्हा एमपीथ्री नवीन होतं आणि गाणी बाजारात यायच्या आधीच इंटरनेटवर फुटली. मग एकच भाग एप्रिलमध्ये आला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात घाईघाईने उभा केलेला ‘नास्त्रेदामस’. घाई ऐकू येते: बीट, म्हणजे शब्दांखालचं संगीत, मिळेल ते चालून जाईल, असं. बाजूला पडलेली काही सुंदर गाणी 2002 मध्ये ‘द लॉस्ट टेप्स’ मध्ये आली. ती आधीच योग्य जागी आली असती, तर नासच्या पडत्या काळाची गोष्टच वेगळी झाली असती. माझं म्हणणं असं आहे की नासची लेखणी फारशी कधी पडली नाही. पडली ती बीटची निवड, आणि तीही बाजाराकडे बघून केली तेव्हाच.

‘इट वॉज रिटन’ (1996) वर तेव्हा हाच आरोप झाला होता की हा गुळगुळीत आहे, रेडिओसाठी केलाय. तो आरोप मला मान्य नाही. नेटकं संगीत म्हणजे तडजोड असं थोडंच असतं?

प्रश्न : संगीतकार हिट-बॉयबरोबरच्या सहा अल्बमपैकी कोणते ठेवावेत?

दोन. ‘किंग्ज डिसीज थ्री’, कारण त्यात एकही पाहुणा रॅपर नाही, आणि ‘मॅजिक’ (2021), कारण तो अर्ध्या तासात बोलायचं ते बोलून मोकळा होतो. पहिल्या ‘किंग्ज डिसीज’ला 2021 मध्ये ग्रॅमी मिळालं, नासचं पहिलंच. आनंद झाला, पण तो अल्बम या दोघांच्या मागेच येतो. शेवटचा ‘मॅजिक थ्री’ त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी, 14 सप्टेंबर 2023 ला आला. तीन वर्षांत सहा अल्बम, तेही या वयात! एकाच संगीतकारावर विश्वास टाकून बसल्याने नासला जे मिळालं, ते मधल्या वीस वर्षांत दर वेळी नवा माणूस शोधून मिळालं नव्हतं.

प्रश्न : मी विडी घरकुलला राहतो, सतरा वर्षांचा आहे. घरी तेलुगू, बाहेर मराठी. मराठीत रॅप लिहितो, पण सगळं मुंबईच्या रॅपर डिव्हाइनसारखं होतं. नासकडून काय शिकू?

डिव्हाइन आवडतो यात गैर काही नाही. नासच्या मास अपील कंपनीने भारतात शाखा काढली, तेव्हा 2019 मध्ये पहिला करार त्याच्याशीच केला. पण त्याच्याकडे त्याची मुंबई आहे, तुझ्याकडे तुझं घरकुल.

‘इट वॉज रिटन’मधलं ‘आय गेव्ह यू पॉवर’ काढ. त्यात नास बंदूक होऊन बोलतो. कुणी वापरली, कुठे लपवली, किती जणांचा जीव घेतला, हे सगळं ती सांगते. वैतागून एके दिवशी ती ऐन वेळी अडकून बसते, मालक मरतो, आणि लगेच दुसरा कुणीतरी तिला उचलतो. मग ‘स्टिलमॅटिक’मधलं ‘रिवाइंड’ ऐक. ती गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडे जाते, गोळी परत बंदुकीत शिरते. दोन्हीत ‘मी किती भारी’ ही ओळ शोधूनही सापडत नाही.

तुझ्या घरी किंवा शेजारी कुणी विड्या वळत असेलच. मांडीवरचं सूप, कात्रीने कापलेलं पान, दोरा, आणि माल देताना बाजूला काढलेल्या विड्या, ज्यांचे पैसे मिळत नाहीत. त्या बाजूला काढलेल्या एका विडीला बोलू दे. घरी जे शब्द तेलुगूत येतात ते तेलुगूतच ठेव, यमक जुळवायला बदलू नकोस. सोळा ओळी लिही, बीटशिवाय मोठ्याने म्हणून बघ, आणि मला पाठव.