वाचकांचे प्रश्न : दहा रुपयांची पट्टी दुकानात का दिसत नाही?

रोगनिदानाच्या स्वस्त सेन्सरविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे दिली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून लेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : विद्यापीठातील रसायनशास्त्राच्या संशोधकांनी दहा रुपयांत रोग ओळखणारी कागदी पट्टी तयार केल्याची बातमी मी तीन-चार वर्षांपूर्वी वाचली होती. कात्रण जपून ठेवले आहे. तशा बातम्या अधूनमधून येतच असतात, पण आमच्या चौकातल्या औषधाच्या दुकानात अशी एकही पट्टी मला आजवर दिसलेली नाही. बातम्या खोट्या असतात, की मध्ये कुठे पाणी मुरते? (सेवानिवृत्त बँक अधिकारी, सहकारनगर)

उत्तर : बातमी बहुधा खरी असते, मात्र तिच्यातली किंमत कागदाची, शाईची आणि चिमूटभर रसायनाची असते. चाचणीची खरी किंमत त्यानंतर सुरू होते, आणि ती कशाकशाची असते हे समजून घ्यायला आपल्या स्वयंपाकघरातले उदाहरण पुरेसे आहे.

पांढऱ्या सदऱ्यावर आमटीचा डाग पडला आणि त्यावर साबण लावला, की पिवळा डाग लालसर होतो व भरपूर पाण्याने धुतल्यावर पुन्हा पिवळा दिसू लागतो, हे प्रत्येक घरात माहीत असते. हळदीतले कर्क्युमिन हे रंगद्रव्य अल्क, म्हणजे अल्कली, ओळखते, म्हणजे हा फुकटातला सेन्सरच झाला. पण डाग लाल झाला तो साबणामुळे, धुण्याच्या सोड्यामुळे की चुन्याच्या निवळीमुळे, हे हळद सांगू शकत नाही, आणि अल्क किती होते हेही सांगू शकत नाही. रोगनिदानाच्या सेन्सरकडून नेमक्या याच दोन गोष्टींची अपेक्षा असते. रक्तात शेकडो पदार्थ एकत्र असताना त्यांतला एकच ओळखायचा आणि त्याचे प्रमाणही सांगायचे, ही रसायनशास्त्रज्ञाची खरी परीक्षा आहे.

ओळखण्याचे काम सहसा एखादे विकर, म्हणजे एन्झाइम, किंवा प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, करते. कागदाचे काम द्रव वाहून नेण्याचे. समईची वात जशी तेल वर ओढते, तसा गाळणकागद रक्ताचा किंवा लघवीचा थेंब पंपाशिवाय पुढे नेतो. हार्वर्ड विद्यापीठातील जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने २००७ मध्ये कागदावर पाणी न शिरणाऱ्या रेषा आखून असे सूक्ष्म पाट तयार केले आणि एकाच थेंबाची साखरेसाठी व प्रथिनांसाठी वेगवेगळी तपासणी करून दाखवली. पुढे या रेषा चक्क मेणाने छापता येऊ लागल्या : मेण कागदावर छापायचे, कागद तापवायचा, मेण आतपर्यंत मुरते आणि बांध तयार होतो. उपकरण म्हणून एवढेच. गरोदरपणाच्या घरगुती चाचणीतली रेषाही याच पठडीतली आहे. बहुतेक संचांमध्ये तिचा लाल रंग सोन्याच्या नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागात, मोजायच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो, कारण इतके बारीक झालेले सोने सोनेरी दिसत नाही.

मग अडते कुठे? एका संशोधक विद्यार्थ्याने हाताने केलेल्या पन्नास पट्ट्या आणि यंत्रावर निघालेल्या पाच लाख पट्ट्या यांत पहिले अंतर पडते, कारण पाच लाखांतली कोणतीही पट्टी उचलली तरी तिने तेच उत्तर द्यायला हवे. दुसरे अंतर काळाचे. प्रतिपिंड आणि विकर ही प्रथिने असतात, ती उन्हाने व दमटपणाने बिघडतात, आणि पट्टीला एप्रिलचे ऊन व जुलैची ओल दोन्ही सोसून वर्ष-दीड वर्ष टिकावे लागते. तिसरे अंतर माणसांचे. प्रयोगशाळेत सेन्सर बहुधा स्वच्छ द्रावणात तपासलेला असतो, प्रत्यक्षात मात्र त्याच्यासमोर पॅरासिटामॉल घेतलेला, ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या खाणारा, अंगात रक्त कमी असलेला रुग्ण येतो.

चौथी अडचण अंकगणिताची आहे आणि बँकेत हयात घालवलेल्या आपल्याला ती लगेच पटेल. समजा, एक हजार लोकांपैकी वीस जणांना रोग आहे. पट्टी रोग्यांपैकी ९५ टक्के बरोबर पकडते आणि निरोग्यांपैकी ९५ टक्क्यांना बरोबर सोडते. ऐकायला हे आकडे उत्तम वाटतात. वीसपैकी १९ रोगी सापडले, एक सुटला. उरलेल्या ९८० निरोग्यांपैकी पाच टक्के, म्हणजे ४९ जणांना मात्र पट्टीने उगाच रोगी ठरवले. एकूण ६८ जणांच्या हाती ‘पॉझिटिव्ह’ असा निकाल पडला आणि त्यांतले खरे रोगी १९, म्हणजे साधारण २८ टक्के. उरलेल्यांच्या फेरतपासणीचा खर्च आणि त्यांच्या घरातल्या झोपमोडीचा खर्च दहा रुपयांत धरलेला नसतो.

म्हणूनच आपल्याकडे २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार अशा चाचण्यांचे जोखमीप्रमाणे ए ते डी असे चार वर्ग केले आहेत. एचआयव्हीसारखी चाचणी सर्वांत कडक वर्गात मोडते. मंजुरीचा हा रस्ता एरवी काही वर्षांचा असला, तरी गरज पडली तेव्हा तो लवकर पार झालेला पुण्याने पाहिला आहे : मार्च २०२० मध्ये पुण्याच्याच मायलॅब कंपनीच्या कोविडच्या आरटी-पीसीआर संचाला परवानगी मिळाली आणि मे २०२१ मध्ये त्यांच्या घरी करायच्या चाचणीलाही. पण तेव्हा तपासायला नमुने, तपासणारी संस्था, विकत घेणारे सरकार आणि पैसा हे सगळे एकाच वेळी हजर होते. आपल्या कात्रणातल्या पट्टीच्या वाट्याला बहुधा यांतले एकही आले नसावे. पाणी मुरते ते इथे, आणि त्यात लबाडीपेक्षा अनास्था अधिक असते, असे माझे मत आहे.

प्रश्न : घरच्या ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी साखर १३२ आली. तासाभराने लॅबमध्ये रक्त दिले, तिथे ११८ आली. मुलगा म्हणतो, यंत्र मोडीत काढा. कोणाचे खरे मानायचे? (गृहिणी, वय ६१, कोथरूड)

उत्तर : यंत्र मोडीत काढू नये. ग्लुकोमीटरसाठी आयएसओ १५१९७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या २०१३ च्या आवृत्तीनुसार साखर १०० किंवा अधिक असताना शंभरपैकी ९५ वाचने लॅबच्या आकड्याच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे आली पाहिजेत. ११८ चे १५ टक्के सुमारे १८ होतात, म्हणजे १०० ते १३६ यांच्या दरम्यानचे वाचन नियमात बसते. आपले यंत्र नियमात आहे.

आता यातली मेख पाहा. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक साखर ही मधुमेहाच्या निदानाची सीमा मानली जाते. आपल्या यंत्राचा आकडा त्या रेषेच्या पलीकडे आहे आणि लॅबचा अलीकडे. म्हणूनच निदान लॅबच्या आकड्यावर, तेही पुन्हा तपासून, करतात आणि ग्लुकोमीटर निदान झालेल्या रुग्णाने साखरेचा चढउतार पाहण्यासाठी वापरायचा असतो. ११८ हा आकडाही निर्धास्त राहण्याजोगा नाही. तो डॉक्टरांना अवश्य दाखवावा.

लॅबचे तरी सगळे खरे का, असेही आपण विचारू शकता. नळीत घेतलेल्या रक्तातल्या पेशी साखर खातच राहतात. संरक्षक रसायन घातले नाही आणि नळी तशीच ठेवली, तर दर तासाला पाच ते सात टक्के साखर घटते. त्यासाठी फ्लोराइड घातलेली, करड्या टोपणाची नळी वापरतात.

पट्टीच्या आत काय चालते, हेही सांगतो. त्यात कार्बनसारख्या वाहक पदार्थाचे बारीक इलेक्ट्रोड असतात आणि त्यांवर साखर ओळखणारे विकर सुकवलेले असते. साखरेचे ऑक्सिडीकरण होताना सुटणारे इलेक्ट्रॉन एक मध्यस्थ रेणू इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचवतो आणि यंत्र तो विद्युतप्रवाह मोजून त्याचा आकडा करते. १९६२ मध्ये लेलंड क्लार्क यांनी विकर आणि इलेक्ट्रोड यांची सांगड घातली. १९८४ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी फेरोसीन या लोहयुक्त संयुगापासूनचा रेणू मध्यस्थ म्हणून वापरून दाखवला आणि खिशात मावणाऱ्या ग्लुकोमीटरची वाट मोकळी झाली. एवढ्या मुरलेल्या तंत्रातही चूक कशी शिरते, याचे उदाहरण २००९ चे आहे. पट्ट्यांच्या एका प्रकारातले विकर ग्लुकोज आणि माल्टोज या दोन साखरांत फरक करत नसल्यामुळे, पोटातून डायलिसिस करणाऱ्या आणि त्यासाठीच्या द्रवामुळे रक्तात माल्टोज आलेल्या काही रुग्णांची साखर प्रत्यक्षात खाली असताना वर दिसत होती आणि त्यांना इन्सुलिन दिले जात होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाला त्याबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला. पुन्हा हळदीचीच गोष्ट!

आपण एवढेच करावे : बोट टोचण्यापूर्वी हात साबणाने धुवून कोरडे करावेत, विशेषतः आंब्याच्या दिवसांत, कारण बोटाला लागलेला रसही साखरच आहे. पट्ट्यांच्या डबीचे झाकण लगेच लावावे, आणि डबी शेगडीजवळ किंवा फ्रिजमध्ये ठेवू नये. अंगात रक्त कमी असेल तर ग्लुकोमीटर साखर थोडी जास्त दाखवू शकतो, हे डॉक्टरांच्या कानावर घालावे.

प्रश्न : सुई न टोचता साखर सांगणारे घड्याळ ऑनलाइन दोन हजारांत मिळते. घ्यावे का? (वाचक, हडपसर)

उत्तर : घेऊ नये. त्वचेला छेद न देता स्वतःच साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिलेली नाही, असा इशारा त्या प्रशासनानेच फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. दंडावर चिकटवायचे सेन्सर वेगळे. त्यांचा केसासारखा तंतू त्वचेखाली असतो आणि तो पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो. त्यांची माहिती काही घड्याळे दाखवतात, त्यामुळे गल्लत होते.

प्रश्न : मी मूळची नंदुरबार जिल्ह्यातली असून पुण्यात नर्सिंग शिकते. सिकलसेलची विद्राव्यता चाचणी इतकी स्वस्त आहे, तर पुन्हा महागडी चाचणी कशासाठी करतात? गावात लोक विचारतात तेव्हा मला नीट सांगता येत नाही.

उत्तर : आपला प्रश्न मोलाचा आहे. सिकलसेल हा तांबड्या पेशींना विळ्याचा आकार देणारा आनुवंशिक रक्तविकार. या चाचणीत रक्ताचा थेंब अशा द्रावणात टाकतात ज्यातले सॅपोनिन तांबड्या पेशी फोडते आणि सोडियम डायथायोनाइट हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन काढून घेते. ऑक्सिजन गेला की सिकल हिमोग्लोबिन त्या फॉस्फेट द्रावणात विरघळेनासे होते, द्रावण गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसत नाहीत. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही चाचणी सुंदर आहे, पण गढूळपणा वाहकाच्या रक्तातही दिसतो आणि रुग्णाच्या रक्तातही. वाहक, म्हणजे दोष एकाच पालकाकडून आलेला माणूस, सहसा धडधाकट असतो. रुग्णाला मात्र आयुष्यभर उपचार लागतात. दोघांना एकच शिक्का बसला तर सोयरिकी मोडतात, हे आपण माझ्यापेक्षा जवळून पाहिले असेल. शिवाय सहा महिन्यांच्या आतील बाळात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त असल्यामुळे चाचणी फसते, आणि अंगात रक्त फारच कमी असेल तरीही फसू शकते. म्हणून हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या चाचण्यांनी खात्री करतात. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचे उद्दिष्ट चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे आहे. एवढ्या मोठ्या संख्येत पहिली गाळणी स्वस्त हवी आणि दुसरी अचूक. गावात सांगताना तांदळाचे सांगावे : आधी चाळण, मग निवडणे.

प्रश्न : मी एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सेन्सरवर पीएच.डी. करायची इच्छा आहे. गाइडच्या गटाकडे चांगले नॅनोपदार्थ आहेत. मी तयारी कुठून करावी? (विद्यार्थिनी, गणेशखिंड)

उत्तर : आपण राहता त्या परिसरासारखी जागा शोधूनही सापडायची नाही. विद्यापीठ, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, विज्ञान शिक्षण व संशोधनाची आयसर आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या पदार्थांवर काम करणारी सी-मेट या संस्था एकमेकींपासून काही किलोमीटरवर आहेत, आणि राष्ट्रीय विषाणू संस्थाही याच शहरात आहे. त्याचा फायदा घ्यावा.

मात्र ‘आमच्याकडे चांगला पदार्थ आहे, त्याने काय ओळखता येईल?’ या प्रश्नापासून सुरुवात करू नये, असा माझा आग्रह आहे. बरेचसे शोधनिबंध तिथून सुरू होतात आणि तिथेच संपतात. आधी एखाद्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रीतसर परवानगीने आठवडाभर बसावे, कोणत्या चाचणीसाठी रुग्णाला दोनदा यावे लागते, कोणता नमुना बाहेरगावी पाठवावा लागतो, हे वहीत लिहावे आणि मग पदार्थाकडे वळावे. मूत्रपिंडाच्या रुग्णांची क्रिएटिनिनची तपासणी अजूनही अनेक ठिकाणी याफे यांच्या १८८६ च्या पिक्रिक आम्लाच्या अभिक्रियेवर चालते आणि ती अभिक्रिया रक्तातल्या इतर पदार्थांनाही रंग देते, हे अशाच ठिकाणी लक्षात येते.

प्रयोग करताना शोधमर्यादेच्या, म्हणजे सेन्सरला ओळखता येणाऱ्या कमीत कमी प्रमाणाच्या, मागे लागू नये. रिकाम्या नमुन्याच्या प्रमाणविचलनाची तिप्पट भागिले कॅलिब्रेशन रेषेचा उतार, या सूत्राने मर्यादा कितीही खाली नेऊन दाखवता येते. पण रक्तात पदार्थ मिलिमोलरमध्ये असताना सेन्सर त्याच्या अब्जाव्या भागाएवढे, पिकोमोलर प्रमाण ओळखतो, यात रुग्णाला काय मिळाले? त्यापेक्षा वीस इलेक्ट्रोड एकाच दिवशी, वीस पुढच्या महिन्यात करावेत आणि उत्तरांतली तफावत न लपवता मांडावी. बफरमधला, म्हणजे स्वच्छ द्रावणातला, आलेख सुरेख आला तरी सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात, तो पुन्हा काढावा. ॲस्कॉर्बिक आम्ल, यूरिक आम्ल आणि पॅरासिटामॉल शरीरात असते त्या प्रमाणात मिसळून पाहावे. मानवी नमुन्यांना हात लावण्यापूर्वी नैतिकता समितीची मंजुरी घ्यावी लागते आणि तिला वेळ लागतो, म्हणून अर्ज पहिल्याच वर्षी करावा. पेटंटचा विचार असेल तर परिषदेत पोस्टर लावण्याआधी तात्पुरता अर्ज दाखल करावा. पूर्ण तपशील देण्यासाठी त्यानंतर बारा महिने मिळतात.

उपकरणाअभावी थांबू नये. इलेक्ट्रोडवरचा विद्युतप्रवाह मोजणारा पोटेन्शिओस्टॅट विकत घ्यायला काही लाख लागत असले, तरी २०११ मध्ये चीपस्टॅट या नावाने एका उपकरणाचा संपूर्ण आराखडा खुला करण्यात आला होता आणि त्याचे सुटे भाग ऐंशी डॉलरच्या आत मिळत होते. बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत एक दुपार घालवावी, सोल्डरिंग शिकून घ्यावे. आणि केलेल्या पट्ट्यांपैकी निम्म्या प्रयोगशाळेच्या डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात, आणि निम्म्या आपल्या खोलीतल्या कपाटात, जून ते सप्टेंबर अशा ठेवाव्यात. पीएच.डी.चा सर्वांत उपयोगी तक्ता बहुधा त्या दुसऱ्या निम्म्यातूनच निघेल.