प्रथमोपचाराचं प्रशिक्षण : हाताला वळण हवं

प्रश्न : आमच्या कारखान्यात ४० जणांना सभागृहात बसवून तीन तासांचं प्रथमोपचार प्रशिक्षण झालं. स्लाइड दाखवल्या, दोघांनी सरावाच्या पुतळ्यावर छाती दाबून दाखवली आणि सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली. एवढं पुरेसं आहे का?

उत्तर : नाही. उरलेल्या ३८ जणांनी सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून आणि श्वास देऊन त्याला वाचवण्याचा उपचार, पाहिला, शिकला नाही. पोहणं जसं काठावर बसून येत नाही, तसंच हे आहे. सहा-आठ जणांमागे एक पुतळा हवा आणि प्रत्येकाला सलग दोन मिनिटं छाती दाबायला मिळायला हवी. दोनच मिनिटं, पण घाम निघतो. आपला जोर कधी कमी पडतो, हे तेव्हाच कळतं.

मोठ्या माणसाची छाती मधोमध, उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) खालच्या अर्ध्या भागावर, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायची. वेग मिनिटाला १०० ते १२०. कोपरं ताठ आणि खांदे हातांच्या बरोबर वर. ३० दाबांनंतर दोन श्वास, असा क्रम. श्वास देता येत नसेल किंवा द्यायचा नसेल, तर न थांबता नुसते दाब द्यावेत. शिकताना चुका बहुधा ठरलेल्या असतात. कोपरं वाकली की जोर हातांचा लागतो, अंगाचं वजन वाया जातं. घाईत वेग १४० वर गेला की खोली कमी होते. सगळ्यात सहज निसटणारी चूक म्हणजे दोन दाबांमध्ये छातीवर रेलून राहणं. छाती पूर्ण वर आली नाही तर हृदयात रक्त भरत नाही आणि पुढचा दाब रिकामा जातो. जवळ उभ्या प्रशिक्षकाने तिथल्या तिथे टोकलं, तरच हे सुधारतं. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, हेही करूनच अंगवळणी पडतं.

आणखी एक गोष्ट. हे कौशल्य तीन ते सहा महिन्यांत उतरायला लागतं. प्रमाणपत्राची मुदत मात्र त्याहून कितीतरी लांब असते. वर्षातून एक मोठा कार्यक्रम घेण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी कामाची पाळी सुरू होताना दहा मिनिटांचा सराव ठेवा. आमचा आग्रह यावरच आहे.

प्रश्न : कोसळलेला माणूस मधूनमधून घोरल्यासारखा श्वास घेत असेल तर छाती दाबायची का? बरगडी मोडली तर?

उत्तर : दाबायची. हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं दिसलं की पुरे. हृदय बंद पडल्यावर सुरुवातीची काही मिनिटं असे आचके येऊ शकतात. लोक त्यालाच श्वास समजतात आणि वेळ हातचा जातो. नाडी शोधत बसू नका. एकाने रुग्णवाहिका बोलवावी, दुसऱ्याने एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) आणायला धावावं, तिसऱ्याने दाबायला सुरुवात करावी. बरगडी मोडू शकते, पण ती जुळते. बंद पडलेलं हृदय वाट पाहत नाही. एईडीचे पॅड लावण्याआधी छातीवरचा घाम पुसा, ओल्या कातडीला ते नीट चिकटत नाहीत. शॉक दिल्यावर लगेच पुन्हा दाब सुरू करा.

प्रश्न : यंत्रात बोट तुटलं तर ते बर्फात ठेवायचं, असं सगळे सांगतात. बरोबर आहे का?

उत्तर : बर्फ लागतो, पण बोटाला थेट लावायचा नाही. बर्फ थेट लागला तर पेशी गोठतात, बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि जोडणं अवघड होतं. आधी यंत्र बंद करा. मग माणूस पाहा, बोट नंतर. जखमेवर जाड गॉज (जखमेवर ठेवायचं जाळीदार कापड) ठेवून घट्ट दाब द्या आणि हात वर धरा. रक्त थांबलं का, हे पाहायला दर मिनिटाला गॉज उचलू नका. धरू लागलेली गुठळी त्याने सुटते. भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. दुसऱ्या कोणीतरी बोट सलाइनने ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळावं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करावं आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या भांड्यात ठेवावी. स्पिरिट लावायचं नाही, घासून धुवायचं नाही. पिशवीवर नाव आणि वेळ लिहून ती जखमीबरोबर, त्याच गाडीतून पाठवावी. उरलेल्या बोटांतल्या अंगठ्या सूज चढायच्या आत काढा.

प्रश्न : प्रशिक्षणासाठी माणसं कोणती निवडावीत?

उत्तर : जिथे अपघात होतात तिथली. नावं बहुतेक वेळा कार्यालयातून जातात आणि रात्रपाळीला एकही प्रशिक्षित माणूस नसतो. प्रत्येक पाळीत, प्रत्येक विभागात निदान दोघे हवेत, कारण एक रजेवर असतो किंवा जेवायला गेलेला असतो. रसायनं हाताळणाऱ्यांना डोळे धुण्याचा सराव वेगळा द्या. पापण्या बोटांनी उघड्या धरून किमान १५ ते २० मिनिटं वाहतं पाणी, आणि धार नाकाकडून बाहेरच्या बाजूला, म्हणजे रसायन दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. वीस मिनिटं किती लांब वाटतात, हे घड्याळ लावून एकदा प्रत्यक्ष करून पाहा. जवळजवळ सगळेच आधी थांबतात.

प्रश्न : प्रथमोपचार पेटी कुलपात ठेवावी का? सामान चोरीला जातं.

उत्तर : कुलूप नको. त्याऐवजी सहज तुटणारं प्लास्टिकचं सील लावा. पेटी उघडली गेली हे लगेच कळतं. ती भरण्याची जबाबदारी एकाच माणसाच्या नावावर द्या. गॉज आणि हातमोजे सगळ्यात आधी संपतात, ते दुप्पट ठेवा.