मोत्यांची माळ चोरून दुसऱ्याच्या खिशात टाकणारी नायिका: हा कृष्णधवल सिनेमा कोणता?

तुम्ही म्हणताय तो बहुतेक १९३६चा 'डिझायर'. मार्लिन डीट्रिश आणि गॅरी कूपर, निर्माता अर्न्स्ट लुबिच.

खरी गंमत सुरुवातीच्या चोरीतच आहे. पॅरिसच्या जवाहिऱ्याला ती सांगते, मी अमुक मनोविकारतज्ज्ञाची बायको. डॉक्टरला सांगते, जवाहिरा माझा नवरा, डोक्याने जरा सरकलाय. दोघांना समोरासमोर बसवते आणि माळ घेऊन पसार! बिल मागणारा जवाहिरा डॉक्टरला वेडाच वाटणार ना? पुढे स्पेनच्या सरहद्दीवर झडतीच्या वेळी माळ कूपरच्या कोटाच्या खिशात. मग ती परत मिळवायला त्याच्याशीच गोड बोलणं आलं. उत्तरार्ध थोडा रेंगाळतो.

हिंदीत खिशाची हीच युक्ती हवी असेल तर किशोरकुमारचा 'हाफ टिकट' (१९६२) बघा. तिथे हिरा आहे आणि मागे प्राण.