हिरड्यांच्या खोल सफाईबरोबर औषधी चकती बसवून घ्यावी का?

कोथरूडमधील दंतवैद्यांनी आपल्याला खोल सफाईनंतर हिरडीत औषधाची चकती बसवण्यास सुचवले असून तिचा खर्च सार्थ ठरेल का, असा आपला प्रश्न आहे. मूळ उपचार सफाई हाच आहे, कारण दाताच्या मुळावर घट्ट बसलेला कीटण कोणतेही जंतुनाशक विरघळवू शकत नाही, तो खरवडूनच काढावा लागतो. चकती ही त्याला दिलेली जोड आहे. नखाहून लहान अशा या चकतीत साधारण २.५ मिलिग्रॅम क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक असते. ती दात आणि हिरडी यांमधील खोबणीत सरकवली की आठवडाभर औषध झिरपत राहते आणि ती आपोआप विरघळते. चूळ भरण्याचे औषध तितक्या खोलवर पोहोचत नाही. तथापि सरासरी लाभ, म्हणजे खोबणीची खोली कमी होणे, मिलिमीटरच्या अंशातच मोजावा लागतो, त्यामुळे सफाईनंतरही ५ मिलिमीटर किंवा अधिक खोल राहिलेल्या मोजक्या जागीच ती वापरणे मला योग्य वाटते. सरसकट सर्व दातांना नव्हे. चकतीचा आधार प्राणिजन्य जिलेटिनचा किंवा माशांपासून मिळवलेल्या कोलॅजनचा असतो, हे शाकाहारी रुग्णांनी आधीच विचारून घ्यावे (आपल्याकडे हे सहसा कुणी सांगत नाही). क्लोरहेक्सिडिनची अॅलर्जी असल्यास ती टाळावी. बसवल्यावर सुमारे दहा दिवस त्या जागी फ्लॉस वापरू नये. मिश्री लावणे चालू असेल किंवा मधुमेह आटोक्यात नसेल, तर चकतीच्या खर्चाआधी त्याकडे लक्ष द्यावे.