गरम झाल्यावरचं मिसिंग

परभणी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप पोचला. गुरुजींची मारुती ८०० सकाळी एका सेल्फला चालू होते, अंबाजोगाईहून परळीपर्यंत उतरताना तक्रार नाही, आणि परतीला घाट चढायला लागली की झटके मारते. तुझ्या दुकानात येईस्तोवर थंड झालेली असते, मग शहाण्यासारखी चालते. प्लग बदललेस, एअर फिल्टर बदललास, आता कार्ब्युरेटर नवा टाकू का म्हणतोस. नको टाकूस. गुरुजी पेन्शनवर आहेत, आणि कोणता सिलिंडर मार खातोय हेसुद्धा तुला अजून माहीत नाही.

गरम झाल्यावर येणारा दोष गरम असतानाच पकडावा लागतो. हत्यारं घेऊन गाडीत बस, गुरुजींना चालवू दे. झटके सुरू झाले की चालत्या गाडीतच त्यांना चोकची नॉब जराशी ओढायला सांग. या एका गोष्टीला पैसा लागत नाही आणि निम्मं काम होतं. चोक ओढल्यावर गाडी सुधारली, तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी फुकटची हवा शिरतेय. सकाळी हा दोष झाकला जातो, कारण थंड इंजिन चोकवर चालतं आणि जास्तीचं पेट्रोल कमतरता भरून काढतं. चोक ओढून गाडी आणखी बिघडली किंवा काहीच फरक पडला नाही, तर आधी करंटकडे बघ.

मग कडेला सपाट जागा बघून थांब. हँडब्रेक, चाकाला दगड, गिअर न्यूट्रल. इंजिन चालूच ठेव, स्लोवर मिसिंग (एखादा सिलिंडर मध्येच पेट न घेणं) दिसत नसेल तर थोडी रेस धरायला सांग. आता एकेका प्लगची कॅप रबरी मुठीच्या पकडीने काढ आणि लगेच जादा प्लगला जोडून तो प्लग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकव. लीड हवेत लोंबकळत ठेवायची नाही. करंटला वाट मिळाली नाही तर तो कॉइलच्या (प्लगसाठी मोठा करंट तयार करणाऱ्या गुंडाळीच्या) आतून वाट काढतो, आणि नसलेला दोष आपण तयार करतो. तीन सिलिंडरचं इंजिन आहे, त्यामुळे चालता सिलिंडर तोडला की अख्खी गाडी हादरते. जो तोडल्यावर काहीच फरक पडत नाही, तो आधीच मेलेला आहे.

दरवेळी तोच एक सिलिंडर निघाला, तर त्याचा प्लग आणि लीड शेजारच्याशी बदल, पण एका वेळी एकच वस्तू. दोष वस्तूबरोबर सरकला तर प्रश्न मिटला. नाही सरकला तर टॅपेट बघ, म्हणजे वॉल्व आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट. इथे बहुतेक पोरं चुकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ढिलं टॅपेट टकटक वाजतं, मालकाला ऐकू येतं आणि तो ते टाइट करून घेतो. टाइट टॅपेट मुकं असतं. इंजिन तापलं की एक्झॉस्ट वॉल्वची दांडी वाढते, फटच उरली नसेल तर वॉल्व सीटवर पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गळतं आणि सिलिंडर मरतो. थंड झाला की वॉल्व पुन्हा बसतो. गाडीला कधी गॅस किट होतं का, हे गुरुजींना विचार. गॅसवर चाललेल्या जुन्या इंजिनात सीट झिजते, वॉल्व वर सरकतो आणि फट आपोआप कमी होत जाते. गरम इंजिनावर तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घे आणि आकडे वहीत लिही. एक बराच कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा घे. आकडा चढला तर रिंगा, तसाच राहिला तर वॉल्व. फिलर गेजने (फटीत घालायच्या पातळ पट्ट्यांनी) फट मोजताना मॅन्युअलमधला थंडचा आकडा थंड इंजिनालाच लाव. गरमचा आकडा वेगळा असतो.

तिन्ही सिलिंडर मिळूनच गचके खात असतील तर संशय सामाईक वस्तूंवर: कॉइल, डिस्ट्रिब्युटरची (प्लगना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाची) कॅप आणि रोटर, पेट्रोलची लाइन. डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट असतील तर कंडेन्सर बदलून बघ, स्वस्त आहे.

मल्टिमीटरवर कॉइल बरोबर दाखवते, असं तू म्हणालास. थंड असताना दाखवणारच. शिवाय मीटर मोजतो दोन-चार व्होल्टवर, आणि कॉइलला प्लगवर हजारो व्होल्ट फेकायचे असतात. तापलेलं इन्सुलेशन त्या दाबाला फुटतं, मीटरच्या दाबाला नाही. उलटा घोळही होतो. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे पन्नास डिग्रीने जास्त तापलेली चांगली कॉइलसुद्धा वीसेक टक्के जास्त दाखवेल. तेवढ्यावरून तिला भंगारात काढू नकोस. ठिणगी बघ: निळी आणि कडक आवाजाची चांगली, पिवळट आणि बारीक ती आजारी. दुकानात घरचा हेअर ड्रायर आणून फक्त कॉइल तापव. बाकी इंजिन बेताचं गरम असताना झटके आले तर चोर सापडला. लीड आणि कॅप मात्र रात्री तपास, बॉनेट उघडून आणि सगळे दिवे बंद करून. फुटलेल्या जागी निळी रेघ पळताना डोळ्यांना दिसते.

पेट्रोलची बाजू थोडक्यात. ८०० चा पंप इंजिनालाच बसवलेला, त्याचीच उष्णता खातो. पेट्रोलमधला हलका भाग चाळीस डिग्रीच्या आसपासच उकळायला लागतो, आणि मे महिन्यात परळीची हवाच त्याच्या वर असते. पंपावर ओलं फडकं टाकायची ड्रायव्हर लोकांची जुनी युक्ती तपासणीलाही चालते: फडकं टाकल्यावर गाडी सरळ चालली तर लाइनमध्ये वाफ धरतेय. पाणी डिस्ट्रिब्युटरवर जाऊ देऊ नकोस, आणि तापलेल्या हेडवर तर अजिबात ओतू नकोस. व्हॅक्यूम पाइप आणि मॅनिफोल्डच्या गॅस्केटभोवती स्प्रेच्या बाटलीने पाणी मार. स्लो बदलला तर हवा तिथूनच शिरतेय. कार्ब क्लीनर गरम इंजिनावर मारणारे खूप पाहिलेत, तू मारू नकोस, पेटतं.

आता पेट्रोल पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तेही ध्यानात धर. इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणून निव्वळ पेट्रोलवर बसवलेला कार्ब्युरेटर त्यावर जरा कोरडा (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालतो. इंजेक्शनच्या गाडीचा कॉम्प्युटर ते सांभाळून घेतो, कार्ब्युरेटरला ती अक्कल नाही. चोक ओढून गाडी सुधारत असेल आणि हवेची गळती कुठेच नसेल, तर कार्ब्युरेटर उघडून जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) साफ कर आणि हवा-पेट्रोलचं मिक्श्चर लाव. नवा टाकायची वेळ त्यानंतरची.

स्कॅनरवाल्याकडे नेऊ नकोस, या गाडीला त्याची पिन लावायला जागाच नाही. माझा कॉम्प्रेशन गेज उद्याच्या अंबाजोगाई एसटीने पार्सल करतो, स्टँडवरून घे. गुरुजींकडून तपासणीची मजुरी आधीच ठरवून घे, पार्ट लागो न लागो. घाटात चोक ओढल्यावर काय झालं आणि तिन्ही आकडे किती आले, एवढं मला फोनवर सांग. त्याआधी काही विकत आणू नकोस.

तुझा उस्ताद